पुढचा उजवा टायर

समोर उभ्या असलेल्या माणसाचा हात चुकतो आहे हे स्पष्ट दिसत असताना, केवळ तो हात त्या माणसाचा आहे म्हणून गाडी त्याप्रमाणेच पुढे नेणे, याला विश्वास म्हणायचे की विश्वासघात? मलकपेठच्या शिवराज बिरादारांच्या निमित्ताने हा प्रश्न उभा राहिला आणि त्याचे उत्तर प्रस्तुत लेखकाला देता आलेले नाही. जे घडले ते मात्र क्रमाने सांगता येते.

बिरादार मूळचे भालकीकडचे. शिवराजचे वडील हिम्मतराव पाटबंधारे खात्यातल्या नोकरीसाठी हैदराबादला आले आणि मलकपेठेत, घोडदौडीच्या मैदानाच्या मागच्या बाजूला घर करून राहिले. घरात मराठी, गल्लीत दखनी आणि शाळेत तेलुगू अशी तिन्ही भाषांची सवय शिवराजला बालपणीच लागली. तिन्हींत तो सारखाच कमी बोलत असे. पुढे सिकंदराबादला रेल्वेच्या सिग्नल विभागात लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. ज्या खात्यात एका तारेची चूक शेकडो माणसांच्या जिवावर बेतू शकते, तिथे आयुष्य घालवलेल्या माणसाचा स्वभाव सावध झाला तर नवल नाही. शिवराज रिकामा रस्ताही दोन्हीकडे बघून ओलांडत असे, आणि कुलूप लावल्यावर ते ओढून बघण्यासाठी जिन्यावरून परत येत असे. असा माणूस रविवारी विकाराबादकडच्या खडकांवर जीप चढवतो, हे त्याच्या कचेरीत कुणालाही खरे वाटत नसे.

याचा उलगडा शिवराजच्या स्वभावात शोधून सापडत नाही. तो त्याच्या बायकोपाशी आहे.

माधवी विद्यानगरच्या एका मुलींच्या शाळेत कवायतीची शिक्षिका होती. आवाज मोठा नव्हता. हात मात्र असे चालत की मैदानाच्या दुसऱ्या टोकाची मुलगीही न चुकता वळत असे. लष्कराच्या लिलावातून शिवराजने जुनी जीप घेतली ती २००९ साली. त्यानंतर पहिल्यांदाच ती दोघे खडकांवर गाड्या चढवणाऱ्या हौशी मंडळींबरोबर सहलीला गेली आणि पहिल्याच दिवशी जीप दोन धोंड्यांच्या मध्ये अडकली. भोवती सहा पुरुष जमले आणि सहाही जण ओरडू लागले. कुणी डावीकडे म्हणे, कुणी मागे घ्या म्हणे, कुणी नुसतेच “आराम से, आराम से” म्हणत होता. शिवराजला घाम फुटला. तेवढ्यात शाळेची शिट्टी कानठळ्या बसेल अशी वाजली. सगळे गप्प झाले. माधवी जीपसमोर जाऊन उभी राहिली, दोन्ही हात छातीच्या उंचीवर आणले आणि नवऱ्याला एवढेच म्हणाली, “अहो, दगडाकडे बघू नका. माझ्या हाताकडे बघा.”

जीप बाहेर आली, आणि या मंडळींचा नियमही त्याच दिवशी ठरला.

खडकांवर गाडी चढवणाऱ्याला स्वतःची चाके दिसत नाहीत. समोर दिसते ते बोनेट आणि आभाळ. म्हणून एक जण पुढे उभा राहून हाताने वाट दाखवतो. त्याला सगळीकडे स्पॉटर म्हणतात, ही मंडळीही म्हणत. हा नेम इतरत्रही असेल, पण हैदराबादच्या या मंडळींनी त्याला पंगतीच्या शिष्टाचाराइतके पक्के रूप दिले होते. हात एकाचाच. तो वर असताना दुसऱ्या कुणी तोंड उघडले तर त्याने संध्याकाळी सगळ्यांच्या गाड्या धुवायच्या. चालवणाऱ्याने हाताची आज्ञा मोडायची नाही. शंका आली तरी उतरून बघायचे नाही, कारण उतरणे म्हणजे समोरच्याला ‘तुझ्यावर भरवसा नाही’ असे सगळ्यांदेखत सांगणे. आणि हात चुकून गाडीला इजा झाली, तर त्या माणसाने पुढच्या रविवारी मलकपेठच्या इराणी हॉटेलात सगळ्यांना आपल्या हाताने चहा ओतून द्यायचा.

माधवीवर चहा ओतायची वेळ कधी आली नाही. जहाँगीरभाई, ज्यांचे जुन्या शहरात घड्याळांचे दुकान होते, दर रविवारी कपाळाला हात लावून तक्रार करत, “भाभी, बाल सफेद हो गए मेरे. आपके हाथ की चाय कब नसीब होगी?”

“पुढच्या जन्मी, जहाँगीरभाई.”

“उस में बी आप इच सामने खड़े रहते, मेरे कू मालूम है.”

शिवराज यावर हसत नसे. बशीत चहा ओतून फुंकर मारत बसे. पण ज्याने आयुष्यात कुलपावर विश्वास ठेवला नाही, तो रविवारी सकाळी दोन हातांवर सगळे सोपवून डोंगराच्या कडेला गाडी नेत असे, आणि त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जी निर्धास्तता असे ती घरीही कधी दिसत नसे. त्याच्या संसाराचे वर्णन करायचे तर याहून अधिक काही सांगण्याची आवश्यकता नाही.

विकाराबादच्या वाटेवर गावांपासून दूर एक उघडा खडक आहे. मंडळींनी त्याला ‘दादीचा गुडघा’ असे नाव दिले होते. म्हातारी पाय दुमडून बसावी तसा तो वर आलेला. जुनी जीप त्या गुडघ्यावर अर्ध्यात थकायची. प्रत्येक हिवाळ्यात शिवराज आणि माधवी एकदा प्रयत्न करत आणि परत येत. परत येताना माधवी म्हणे, “पाय आपले चांगले आहेत हो, कंबर कमी पडते.” पाय म्हणजे टायर, कंबर म्हणजे इंजिन. मजबूत कमरेची आणि मागे मोकळा हौदा असलेली एखादी गाडी मिळावी, हौद्यात शेगडी मांडून गुडघ्यावर बसून चहा करावा, हे तिचे स्वप्न होते. जहाँगीरभाईंना चहा पाजायचा तर तो तिथे, जिंकून, असे ती म्हणायची.

२०२३ साली तशी गाडी आली. एका परदेशी कंपनीचा उंच, रुंद पिकअप. नाव सांगण्याची गरज नाही. त्या वर्षी या नादातल्या लोकांत दुसऱ्या कशाची चर्चाच नव्हती. इराणी हॉटेलातल्या कोपऱ्यातल्या टेबलावर प्रकाश रोज काहीतरी नवे वाचून येत असे. प्रकाश पुण्याचा, गच्चीबावलीला सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या पदावर. मंडळींचा कारभार तोच बघत असे, आणि वाचलेले सगळे दुसऱ्याला सांगितल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे.

“चासी बघा, काय चासी आहे! दोन्ही डिफरन्शियल लॉक होतात, एक चाक हवेत असलं तरी गाडी ओढते. आणि बोनेटखाली कॅमेरा. चाकाखालचा खडा न् खडा पडद्यावर दिसतो. वेग कमी केला की आपोआप सुरू होतो.”

“टायर का बोलो,” जहाँगीरभाई म्हणाले.

प्रकाशचा चेहरा पडला. हीच तर दुखरी जागा होती. परदेशात हीच गाडी जाड, खाचाखाचांच्या बटन टायरांवर मिळत होती. इथे मात्र कंपनीने हमरस्त्याचे गुळगुळीत टायर चढवून दिले होते.

“टायर... म्हणजे, रस्त्यासाठी बरे आहेत.”

“शेरवानी चढा को नीचे बाथरूम की चप्पल पैने जैसा है मियाँ!”

सगळे टेबल हसले. मग जो तो आपापली भर घालू लागला. कुणी म्हणाला, पैलवानाला घुंगरू बांधलेत. कुणी टायरच्या बाजूच्या भिंतींना पापड म्हणाला. ग्रुपवर त्या टायरांची छायाचित्रे आणि त्यांखाली रडके चेहरे फिरू लागले. गाडीवर जीव आणि टायरवर राग, अशी सगळ्यांची अवस्था झाली होती. हौशी माणसांच्या प्रेमाचे हे लक्षणच म्हणावे लागेल. ज्या वस्तूवर ती खरोखर भाळतात तिच्यात त्यांना एक वैगुण्य हवे असते, बोलायला.

शिवराजने निवृत्तीनंतर ती गाडी घेतली. मातकट रंगाची घेतली, कारण माधवी म्हणाली, खडकावर शोभेल.

गाडी दारात आली त्या दिवशी बंगळूरहून लेकीचा, तेजश्रीचा फोन आला. पडद्यावर तिला गाडी दाखवताना शिवराज कॅमेऱ्याची करामत सांगू लागला. तेजश्री एकदम खूश झाली.

“वॉव बाबा! म्हणजे आता आईला उन्हात उभं राहायची गरजच नाही. आई, तू आता मस्त एसीत बस. रिटायर हो!”

माधवी हसली. “हो गं, बसते की.” आणि फोन ठेवल्यावर फडके घेऊन पुढचे टायर पुसू लागली. मागचे तिने पुसले नाहीत. इतकी वर्षे तिच्या डोळ्यांसमोर पुढचीच दोन चाके होती.

लेकीने विनोद केला होता. तो दोघांना लागला, पण वेगवेगळ्या ठिकाणी. कारण एक गोष्ट तेजश्रीला ठाऊक नव्हती.

त्याआधीच्या उन्हाळ्यात माधवीच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला होता. हा आजार मोतीबिंदूसारखा समोर धूसर पडदा आणत नाही. तो कडांकडून खात येतो. समोरचे अगदी स्वच्छ दिसत राहते आणि कडेचे हळूहळू नाहीसे होते. नाहीसे झालेल्या जागी काळोखही दिसत नाही, त्यामुळे काही गेले आहे हेच माणसाला कळत नाही. माधवी सुई ओवायची, पंचांगातली बारीक अक्षरे वाचायची, आणि डॉक्टर घाबरवतात असे तिचे प्रामाणिक मत होते.

गाडी आल्यावर, दिवाळीनंतरच्या तपासणीत तिला एका घुमटासारख्या यंत्रात डोके घालून बसवले. आत इथे-तिथे बारीक दिवे लुकलुकतात. दिसला की हातातले बटण दाबायचे. शिवराज त्याच खोलीत, भिंतीजवळच्या स्टुलावर बसला होता. त्याला दिवे दिसत नव्हते, पण प्रत्येक दिव्याबरोबर यंत्राचा होणारा बारीक आवाज आणि बटणाचा टक् ऐकू येत होता. यंत्राचा आवाज, टक्. आवाज, टक्. मग आवाज, आणि काही नाही. पुन्हा आवाज, काही नाही. पुन्हा. सिग्नल खात्यात उमेदवारी केलेल्या माणसाला, पाठवलेला निरोप पलीकडे पोहोचला नाही की काय होते हे सांगावे लागत नाही. त्या निःशब्द जागा लांबत गेल्या तशी त्याने स्टुलाची कड घट्ट धरली.

माधवी बाहेर आली ती प्रसन्न. “सगळे दिवे दिसले,” म्हणाली.

डॉक्टरांनी दोघांना बसवून सांगितले. गेलेले परत येणार नाही, उरलेले जपायचे आहे, थेंब चुकवायचे नाहीत. माधवीने मान डोलावली आणि जिना उतरताना कठडा सोडून चालली. शिवराजला तेव्हाच सांगता आले असते. अगं, सगळे दिवे दिसले नाहीत. मी ऐकत होतो. त्याने जिभेवर आलेले ते वाक्य गिळले. घरी गेल्यावर सांगू, असे त्याने ठरवले. घरी गेल्यावर ती गुडघ्याबद्दल बोलू लागली.

“या हिवाळ्यात जायचं. आता कंबर आहे.”

“टायर बदलून मग जाऊ. मंडळी काय म्हणतात ऐकतेस ना?”

“मंडळींचं काय, त्यांना चघळायला हवं काहीतरी. टायर कधी येणार?”

या मापाचे बटन टायर शहरात नव्हते. दुकानदार मार्च म्हणत होता, तेही नक्की नाही. मार्चमध्ये खडक तापतात. पुढच्या हिवाळ्यापर्यंत काय उरेल, हा विचार शिवराजच्या मनात आला. तिच्याही मनात आला असावा, कारण ती नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाली, “अहो, एकदाच. मला त्याच्यावर गाडी चढवू द्या. मग बसते तुमच्या एसीत.”

नाही म्हणायचे तर कारण सांगावे लागणार होते. शिवराज “बरं” म्हणाला.

संक्रांतीच्या पुढच्या रविवारी, जानेवारी २०२४ मध्ये, सगळी मंडळी दादीच्या गुडघ्यापाशी जमली. थंडी होती, उन्हाला धार नव्हती. नव्या गाडीभोवती लग्नातल्या नवरीभोवती फिरावे तसे सगळे फिरले. मग वाकून टायर बघितले आणि चुकचुकले.

“बिरादारसाहेब, अजूनही विचार करा,” प्रकाश म्हणाला. “पापड आहेत हे, मी सांगतोय. भिंत फाटली तर मला सांगू नका.”

“तुला नाही सांगणार रे,” माधवी म्हणाली. “तू आपला तोंड बंद ठेव, नाहीतर आज बारा गाड्या धुवाव्या लागतील.”

“पहले इसके मुँह पे इच टेप लगाओ,” जहाँगीरभाई म्हणाले.

खडकावर पकड बसावी म्हणून टायरांची हवा उतरवली. मऊ पडलेले टायर पोटासारखे बाहेर आले. माधवी वर चालत गेली आणि खाली आली, पुन्हा गेली. वाट आधी पायाने बघायची ही तिची रीत होती. मंडळी नेहमीप्रमाणे डावीकडच्या उतारावर जाऊन उभी राहिली. उजवीकडे काटेरी झुडपे होती आणि तिकडे कुणी थांबत नसे. माधवीने गळ्यातली शिट्टी वाजवली. बोलणे थांबले. दोन्ही हात छातीच्या उंचीवर आले.

शिवराजने हाताकडे बघितले आणि गाडी सोडली.

पहिला चढ गाडीने सहज घेतला. जुनी जीप जिथे धापा टाकायची तिथे हिने श्वासही घेतला नाही. खालून कुणीतरी टाळी वाजवू लागले आणि चटकन थांबले. जीप ज्या खोबणीत नेहमी थकायची ती खोबणही मागे पडली. माधवीच्या चेहऱ्यावर हसू आले होते, पण हात शांत होते. उजव्या हाताची बोटे हळूच मिटली: सावकाश. मग दोन्ही तळवे एका बाजूला झुकले: थोडे उजवीकडे घ्या.

वेग कमी झाला, आणि समोरच्या काचेखालचा पडदा आपोआप उजळला.

शिवराजने तिकडे बघायला नको होते. पण प्रकाश एवढ्या कौतुकाने सांगत असे त्यात काही खोटे नव्हते; चाकाखालचा खडा न् खडा दिसत होता. पुढच्या उजव्या टायरला लागून, खडकातून फुटून वर आलेला एक दगड होता. त्याची धार पाटा-वरवंट्याला टाकी लावणाऱ्याच्या छिन्नीसारखी. गाडी डावीकडे घेतली तर तो बाजूला राहत होता. उजवीकडे घेतली तर टायरचे फुगलेले पोट सरळ त्याच्यावर जात होते.

माधवीचे तळवे उजवीकडे झुकलेले होते. ती डाव्या चाकाकडे बघत होती. डाव्या चाकाशी खडकाची एक उथळ भेग होती आणि त्या चाकापुरते तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. तो दगड तिच्या नजरेच्या कडेला होता. चालत वर जातानाही कडेलाच राहिला असणार.

त्याने ब्रेकवर पाय दाबला. गाडी थांबली. हे क्षणभरच, पण पंधरा वर्षांत तो तिच्या हातासमोर असा कधी थांबला नव्हता. माधवीच्या कपाळावर आठी आली. तिने हात तसेच ठेवून मान किंचित वर केली, जणू विचारत होती: काय झाले?

खाली सगळे बघत होते. उतरला असता तर सगळ्यांना कळले असते. डावीकडे घेतली असती तर गाडी चढली असती, टायर वाचला असता, आणि हाताविरुद्ध चाक वळले हे तिला त्याच क्षणी दिसले असते. कारण समोरचे तिला स्वच्छ दिसत होते. दवाखान्याच्या जिन्यावर गिळलेले वाक्य असे, मंडळींसमोर, चाकाने बोलून दाखवावे लागले असते.

शिवराजने पडद्याखालचे बटण दाबले. पडदा काळा झाला. त्याने वर बघितले, दोन हात बघितले, आणि गाडी उजवीकडे घेतली.

आवाज मोठा झाला नाही. कापड फाटावे तसा एक आवाज, आणि मग लांबलेला फुसकारा. गाडीचा उजवा खांदा खाली बसला. माधवीचे हात मात्र अजून वरच होते, उजवीकडे झुकलेले.

“बोला था! बोला था मैं!” जहाँगीरभाई ओरडत वर आले. प्रकाश धावत आला, त्याने फाटलेली भिंत बघितली आणि त्याचा आनंद लपेना. “पापड! अक्षरशः पापड! याचे फोटो कंपनीला पाठवायला हवेत.” तो मोबाइल काढून वाकला. जॅक आला, स्टेपनी उतरली, आणि कंपनीच्या नावाने सगळ्यांची तोंडे सुटली. रस्त्याचे टायर, शोरूमचे टायर, फसवणूक. शिवराजकडे कुणीतरी दुजोऱ्यासाठी बघितले.

“टायरच तसा,” शिवराज म्हणाला.

माधवी गर्दी बाजूला सारून चाकाजवळ बसली. तिने टायरवर हात फिरवला. चीर सापडली तशी बोटे तिच्यातून नेली. मग तिचा हात बाजूला गेला आणि दगडाला लागला. हात लागला म्हणून तिने मान पूर्ण वळवली, आणि तेव्हा तिला तो दिसला. लहान नव्हता. चांगला माणसाच्या गुडघ्याइतका उंच होता.

ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग मान समोर करून बसली, पुन्हा वळवली, पुन्हा समोर केली. लहान मूल आरशाशी खेळते तसे. दगड येत होता आणि जात होता.

त्या दिवशी गुडघा कुणीच सर केला नाही. परतीच्या वाटेवर, हवा पुन्हा भरून घेतलेली गाडी डांबरी रस्त्यावर एकसारखी धावत होती. या रस्त्याला ते टायर उत्तम होते.

“पडदा चालू होता?” तिने विचारले.

“बंद होता.”

“कधी बंद केला?”

दोन्हीकडची घरे वाढू लागली, शहर जवळ येऊ लागले.

“तुम्ही थांबला होतात,” ती म्हणाली. “मला वाटलं, गिअर अडकला. म्हणजे तुम्हाला दिसलं होतं.”

“माधवी...”

“डॉक्टरकडेसुद्धा दिसलं होतं तुम्हाला?”

“ऐकू आलं होतं.”

ती खिडकीकडे वळली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते, असे शिवराजला पुढे अनेकदा वाटले. “इतकी वर्षं तुम्ही माझ्या हाताकडे बघत होतात हो. आज माझ्या तोंडाकडे बघितलंत. कीव आली म्हणून चाक वळवलंत.” थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलावे तसे, “त्यापेक्षा उतरायचं होतं.”

शिवराजला सांगायचे होते की ती कीव नव्हती. मग काय होते, हे त्याला सांगता आले नसते.

त्या आठवड्यात फाटलेल्या टायरचे छायाचित्र बंगळूर, पुण्यापर्यंतच्या ग्रुपांवर फिरले. कंपनीला शिव्या देणाऱ्यांत अशी माणसे होती ज्यांनी ती गाडी पाहिलीही नव्हती. कुणीतरी शिवराजचे नाव घालून लिहिले की, पंधरा वर्षांचा अनुभवी माणूससुद्धा या टायरवर फसला. माधवीने ते दोनदा वाचले.

पुढच्या रविवारी इराणी हॉटेलात सगळे नेहमीसारखे जमले. प्रकाश कंपनीला पाठवायच्या तक्रारीचा मजकूर वाचून दाखवू लागला. माधवीने त्याला थांबवले.

“पाठवू नकोस.”

“अहो वहिनी, असं कसं? टायर...”

“टायर चांगला होता. दगडाची धार त्याच्या पोटात मी घातली. तुमच्या बटन टायरचंही तेच झालं असतं. मला तो दगड दिसला नाही. मला आता कडेचं दिसत नाही.” तिने हे अशा स्वरात सांगितले ज्या स्वरात ती शाळेत उद्याची सुट्टी जाहीर करत असेल. “हात माझा चुकला. किटली आणा.”

जहाँगीरभाई म्हणाले, “भाभी, नक्को. मज़ाक करता था मैं, इत्ते दिन से.”

“नियम आहे, जहाँगीरभाई.”

पोऱ्याने किटली आणून ठेवली. माधवी उठली. कप एका ओळीत मांडलेले होते. तिने पहिला भरला, दुसरा भरला; धार सरळ, एक थेंब बाहेर नाही. प्रत्येक जण आपला कप उचलून आपल्याकडे घेत होता आणि कुणी वर बघत नव्हते. शेवटचा कप तिच्या उजव्या हाताच्या पलीकडे, टेबलाच्या टोकाला होता. तो भरायचा राहिला आणि तिने किटली खाली ठेवली.

तो कप जहाँगीरभाईंचा होता. इतकी वर्षे ते ज्या चहासाठी रडत होते, तो त्यांना मिळाला नव्हता. त्यांनी रिकामा कप उचलला, ओठाला लावला, घोट घेतल्यासारखे केले आणि म्हणाले, “वाह, भाभी. क्या चाय है.”

प्रकाशने मान खाली घातली. सगळ्यांनी पाहिले होते, आणि कुणीही काही बोलणार नव्हते. ते प्रेम होते यात शंका नाही. शिवराजने त्या रिकाम्या कपाकडे बघितले आणि त्याला तो काळा पडदा आठवला. त्याने आपला कप बाजूला सारला.

“माधवी,” तो म्हणाला. “उजवीकडे एक कप राहिला.”

तिने त्याच्याकडे बघितले. मग मान पूर्ण उजवीकडे वळवली. जहाँगीरभाईंनी कप हळूच खाली ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला त्यांनी टोपी नीट केल्यासारखे केले. माधवीने किटली उचलली.

“अजून थोडं पुढे,” शिवराज म्हणाला. “हां. बस.”

कप भरला.

त्यानंतर ती दोघे खडकांवर गेली नाहीत. रविवारी हॉटेलात येत. जिना उतरताना, रस्ता ओलांडताना शिवराज हलक्या आवाजात डावे-उजवे सांगत असे आणि माधवी त्याप्रमाणे पाऊल टाकत असे. पण ती पूर्वीसारखी हसत नसे, आणि त्या दिवशी चाक कशासाठी वळवले हे तिने पुन्हा कधी विचारले नाही. त्यानेही सांगितले नाही.

मार्चमध्ये दुकानदाराचा निरोप आला की बटन टायर आले आहेत. शिवराजने ते घेतले नाहीत. फाटलेल्या टायरच्या जागी कंपनीचाच एक नवा बसवून घेतला. ऑगस्ट २०२५ मध्ये बिरादारांनी तो पिकअप सिकंदराबादच्या एका गृहस्थांना विकला. त्या वेळी गाडीवर चारही टायर रस्त्याचेच होते.